अडवलेल्या दिवसांचे पैसे : तान्ह्या बाळांच्या फोटोग्राफीचे दर ठरवताना

प्रकरण कोल्हापुरातलं. नवरा लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो, बायको काही वर्षांपासून तान्ह्या बाळांचे फोटो काढते. छोट्या धंद्यांचे हिशेब बघणं हे माझं काम, त्यामुळे बाईंची वही, बँकेचं स्टेटमेंट आणि बुकिंगची व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी असं सगळं माझ्यासमोर होतं. नावं गाळली आहेत, आकडे गोल केले आहेत.

त्यांचा प्रश्न असा होता : "महिन्याला सात-सात शूट होतात. इन्स्टाग्रामवर लोक वाहवा करतात. तरी महिनाअखेरीला बाळाला गुंडाळायचे रॅप आणायला ह्यांच्याकडे पैसे मागावे लागतात. दर वाढवायचा तर किती वाढवू?"

त्यांचा दर होता ५,००० रुपये. घरी येऊन शूट, तीन सेटअप (वेगवेगळ्या मांडण्या), १५ एडिट केलेले फोटो, आणि काढलेले बाकी सगळे फोटो पेन ड्राइव्हवर. वर आठ बाय दहाचा एक प्रिंट भेट. हा दर आला कुठून, असं विचारलं तर उत्तर सरळ होतं. पुण्यातल्या एका स्टुडिओच्या पानावर पंधरा हजार दिसले, गावातला एक मुलगा साडेतीन हजारांत करत होता, म्हणून पाच. आपल्याकडे बहुतेक दर असेच ठरतात. पाच हजार सांगून शेवटी हातात पडायचे सरासरी ४,३००, कारण "काहीतरी कमी करा की" म्हटलं की त्यांच्या तोंडून पाचशे आपोआप सुटायचे.

वर्षाला ८४ शूट झाली होती. ८४ गुणिले ४,३०० म्हणजे ३,६१,२००. फ्रेम आणि अल्बममधून लॅबचे पैसे जाऊन आणखी २२,८००. एकूण ३,८४,०००. महिन्याला ३२,००० होतात, आणि त्या स्वतःची कमाई तेवढीच धरून चालल्या होत्या.

आता खर्च. दर शूटमागे मदतनीस ताईंना ६००, गाडीचे ३००, पेन ड्राइव्ह आणि त्याची लाकडी डबी ३५०, भेट प्रिंट २५०, रॅप-चादरी धुण्याचे १००. हे झाले १,६००, वर्षाचे १,३४,४००. शूट होवो न होवो, होणारा खर्च वेगळा. १,६०,००० चा कॅमेरा चार वर्षं धरला तर वर्षाला ४०,०००. लेन्स आणि लाइटचे २०,०००, लॅपटॉपचे २२,५००, टोपल्या-रॅप-हेडबँडचे ३०,०००, सॉफ्टवेअर आणि हार्ड डिस्कचे १८,०००, जाहिरातीचे २४,०००, फोन-इंटरनेट-वीज १५,०००, विमा आणि दुरुस्ती १०,५००. बेरीज १,८०,०००.

सगळं वजा जाता वर्षाला उरले ६९,६००. महिन्याला ५,८००.

कॅमेऱ्याची झीज हा खर्च त्यांनी धरलाच नव्हता. "तो तर घेऊन झालाय ना," हे वाक्य मी फोटोग्राफरांकडून, शिंप्यांकडून आणि डीटीपीवाल्यांकडून सारखं ऐकतो. घेऊन झालेला कॅमेरा चार-पाच वर्षांनी पुन्हा घ्यावा लागतो, आणि तेव्हा नवऱ्याच्या लग्नाच्या सीझनमधून पैसे निघतात. मग बायकोचा धंदा कागदावर फायद्यात राहतो, कारण तोटा दुसऱ्याच्या खिशातून भरला जातो.

तासांचा हिशेब आणखी बोलका निघाला. एका शूटला फोनवरची बोलणी दोन तास, सामान भरणं-लावणं दीड, जाणं-येणं दीड, प्रत्यक्ष शूट चार, निवड आणि एडिटिंग सहा, बॅकअप आणि पोचवणं एक. सोळा तास. ८४ शूटचे १,३४४ तास. ६९,६०० ला त्याने भागलं की तासाला ५२ रुपये येतात. मदतनीस ताईंना सहा तासांचे ६०० मिळत होते. मालकीणबाईंपेक्षा त्यांचा तासाचा दर जवळजवळ दुप्पट होता.

इथपर्यंतचा हिशेब कुठल्याही सेवेच्या धंद्यात निघतो. या धंद्याची खरी गोष्ट वहीत नव्हती, कॅलेंडरमध्ये होती.

तान्ह्या बाळाचे अंगाचं मुटकुळं करून झोपलेले फोटो निघतात ते साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत. तेव्हा बाळ गाढ झोपतं, पोटात होतं तसं पाय दुमडून घेतं. तीन आठवडे उलटले की हातपाय ताणायला लागतं, पोटदुखीची रडारड सुरू होते आणि टोपलीत निजवलेलं बाळ डोळे टक्क उघडून बघत राहतं. म्हणजे फोटोग्राफरच्या हातात दहाएक दिवस. ते दहा दिवस कोणते, हे बाळ आल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख अंदाजाची. नेमकी ती तारीख साधणारी बाळं थोडीच. त्यात आपल्याकडची गणितं. सिझेरियन असेल तर दवाखान्यातून घरी यायला चौथा-पाचवा दिवस उजाडतो. पाचवी पूजायची असते. सोयर दहा दिवस. बाराव्या दिवशी बारसं असेल तर अकरावा दिवस पाहुण्यांचा आणि बुंदीच्या लाडवांचा. या सगळ्यातून मोकळी सकाळ मिळते ती दोन किंवा तीन दिवस. त्या सकाळी फोटोग्राफर मोकळी नसेल तर काम गेलंच; ते पुढच्या आठवड्यावर ढकलता येत नाही.

म्हणून त्या काय करत होत्या? बुकिंग घेतलं की तारखेच्या आसपासचे दिवस मोकळे ठेवायच्या, आणि त्यासाठी एक पैसा घ्यायच्या नाहीत. शूटच्या दिवशी पैसे, तेही बहुतेक वेळा शूट झाल्यावर. नवऱ्याच्या लग्नाच्या टीममध्ये दुसरा कॅमेरा धरला तर त्यांना दिवसाचे ४,००० मिळतात. त्या वर्षीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज चाळून आम्ही मोजले : "एक बाळ ड्यू आहे, नाही येता येणार" असं सांगून सोडलेले लग्नाचे दिवस २२. त्यांची किंमत ८८,०००. वर्षभर बाळांचे फोटो काढून उरले ६९,६००, आणि ते काढता यावेत म्हणून सोडले ८८,०००.

सोडलेल्या दिवसांपैकी काही दिवशी शूट झालीही असतील, त्यामुळे दोन्ही आकडे काटेकोरपणे समोरासमोर ठेवता येत नाहीत. पण मुद्दा त्यांना तिथेच पटला. गिऱ्हाईक फोटो मोजून पैसे देत होतं, आणि त्या विकत होत्या अडवून ठेवलेले दिवस. पंधरा फोटोंचे किती, वीसचे किती, या प्रश्नाशी आम्ही उगाच झटत होतो. किंमत लावायची होती ती दिवसांना.

इथून पुढचं गणित उलट्या दिशेने मांडलं. स्वतःला महिन्याला ३५,००० हवेत, म्हणजे वर्षाला ४,२०,०००. कायम खर्च १,८०,०००. पेन ड्राइव्ह आणि भेट प्रिंट बंद, मदतनीस ताईंचे ६०० चे ८००. म्हणजे शूटमागे खर्च १,२००. बाळांच्या तारखा एकमेकींवर न आदळता महिन्याला पाच बाळं नीट सांभाळता येतात असं ठरलं, वर्षाला साठ. त्यातली दहातली एक काही ना काही कारणाने रद्द होणार, म्हणून चोपन्न. ४,२०,००० अधिक १,८०,००० अधिक ६४,८००, भागिले ५४. उत्तर १२,३००.

बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "कोल्हापुरात बारा हजार कोण देणार?"

प्रश्न रास्त होता, म्हणून अंदाज न करता ८४ गिऱ्हाइकांची यादीच पुढ्यात घेतली. त्यातल्या ३१ जणी बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या होत्या; सासर किंवा नोकरी पुण्यात, मुंबईत, बंगळुरात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही चाल अजून टिकून आहे, आणि तिचा या धंद्यावर थेट परिणाम होतो. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात पुण्यात बसूनच इन्स्टाग्रामवर फोटोग्राफर शोधते. तिच्या डोक्यात पुण्याचा दर असतो. पैसे जावई यूपीआयने पाठवतो. राजारामपुरीत किंवा रुईकर कॉलनीत राहणाऱ्या आईवडिलांना रक्कम कळतही नाही, कळली तर आवडत नाही. पाच हजार ऐकून यातल्या दोघींनी "एवढ्यात कसं परवडतं तुम्हाला? बाळ नीट हाताळता ना?" असं लिहिलेलं मेसेजमध्ये सापडलं. कमी दराने त्यांच्या मनात शंका आली होती.

घासाघीस करणारे कोण, हेही बघितलं. माझा अंदाज होता की कमी पगाराची माणसं. निघालं वेगळंच. सगळ्यात जास्त ओढाताण केलेल्या एका घरी बारशाच्या फुग्यांच्या सजावटीला आठ हजार दिले होते. त्याच सजावटीपुढे उभं राहून आमच्या बाईंकडून पाचशे सोडवून घेतले. ऐपतीचा प्रश्न तिथे नव्हता. पाच हजार ही रक्कम "फोटोवाल्याला" द्यायची म्हणून जास्त वाटली, इतकंच.

दुसरी गोष्ट माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांपेक्षा वेगळी होती. किराणा दुकान किंवा शिलाईचा दर एकदम वाढवला तर रोजचं गिऱ्हाईक तोंडावर बोलतं. तान्ह्या बाळाचं गिऱ्हाईक दर वेळी नवं असतं. तेच घर परत येईल ते दोन-तीन वर्षांनी, आलं तर. त्यामुळे दर हळूहळू, पाचशे-पाचशेने वाढवण्यात काही अर्थ नव्हता. एकदाच उडी मारायची. अडचण फक्त जावा-जावांची : "माझ्या जावेला पाच हजारांत केलं होतं तुम्ही." यावर ठरलेलं उत्तर एकच. आधी बुकिंग झालेल्यांना जुना दर, गुढीपाडव्यानंतर बुकिंग करणाऱ्यांना नवा. कारण सांगत बसायचं नाही.

नवी रचना अशी झाली.

मुख्य शूट १३,५०० रुपये. पाचव्या ते पंधराव्या दिवसातली एक सकाळ, घरी येऊन, वीस एडिट केलेले फोटो लिंकवर. त्याखाली ७,५०० चं साधं घरगुती शूट : दोन तास, बाळ आईच्या मांडीवर, आजीच्या हातात, पाळण्यात; टोपल्या नाहीत, बारा फोटो, बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत कधीही, सोमवार ते गुरुवार. ते स्वस्त का, याचं उत्तर हिशेबातच आहे. त्याला दिवस अडवावे लागत नाहीत. जुळ्यांना मुख्य शूटवर ३,००० जास्त. दुप्पट नाही, कारण दिवस तेच अडतात. वरचा एखादा फोटो हवा असेल तर ३५० ला एक. अल्बम वेगळा, ६,५००.

बुकिंगच्या वेळी ४,००० आधी. याला "अ‍ॅडव्हान्स" म्हणायचं नाही असा माझा आग्रह होता. पावतीवर लिहिलं आहे : दिवस राखून ठेवण्याचे. ते एकूण रकमेतून वळते होतात, पण मन बदललं म्हणून परत मिळत नाहीत.

याला एकच अपवाद, आणि त्यावर आम्ही दरापेक्षा जास्त वेळ घालवला. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, बाळंतिणीची तब्येत बिघडली, किंवा त्याहून वाईट काही झालं, तर पूर्ण रक्कम परत. कागद मागायचे नाहीत, कारण विचारायचं नाही. आणि तारीख उलटून गेली तरी निरोप आला नाही तर आपण होऊन "बाळ आलं का?" असा मेसेज टाकायचा नाही. आधी त्या टाकायच्या, उत्साहाने, गुलाबी फुगे लावून. एकदा उत्तरादाखल एका वडिलांनी फक्त "फोटो नकोत आता" एवढंच लिहिलं होतं. नव्या नियमात बाळ आल्याचं घरच्यांनी कळवायचं, असं पावतीवर छापलं आहे. वर्षाला चार-पाच जणांचे पैसे परत जातात. त्यातले चार हजार ठेवून घ्यायला कायदा आड येत नसेल. या धंद्यात ते ठेवून गावात तोंड दाखवता येत नाही.

दरपत्रक लागू झाल्यावर पहिली आडकाठी गिऱ्हाइकाकडून आली नाही, घरातून आली. नवऱ्याचं म्हणणं, लग्नात आम्ही सगळे फोटो देतो, तू का देत नाहीस? पेन ड्राइव्हचा वाद महिनाभर चालला. "सगळे फोटो द्या की, तुमच्याकडे पडून काय करायचेत?" हे गिऱ्हाइकाचं वाक्य नवराच बोलत होता. पण चारशे न निवडलेले फोटो दिले की कुणी वरचा फोटो विकत घेत नाही, आणि वाकडं तोंड केलेल्या बाळाचा, मागे वायर दिसणारा फोटो बाईंच्या नावाने नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो. जुन्या वर्षी अल्बम फारसे गेले नव्हते याचं मुख्य कारण ती लाकडी डबी होती.

फोटोंच्या मालकीचा मुद्दाही इथेच स्पष्ट करून घेतला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन तो काढून घेणारं गिऱ्हाईक असतं. फोटोग्राफर मंडळींना हे ऐकून धक्का बसतो. तेव्हा दिलेल्या वीस फोटोंचे प्रिंट गिऱ्हाइकाने कुठेही काढावेत. त्यावर कमाई धरायची नाही. आणि त्यातला एकही इन्स्टाग्रामवर टाकायचा तर आधी विचारायचं. बाईंचा विचार होता की टाकू देणाऱ्यांना हजार रुपये सूट द्यावी. मी विरोध केला. बाळाचा चेहरा दाखवायचा की नाही हे आईबापांनी पैशाकडे बघून ठरवू नये, आणि दृष्ट लागेल म्हणून नको म्हणणाऱ्या आजीला हजार रुपयांचा दंडही बसू नये. फॉर्मवर हो किंवा नाही, एवढीच चौकट राहिली. बहुतेक जण एक-दोन फोटोंना हो म्हणतात.

जीएसटीचा प्रश्न पुण्याच्या जावयांमुळे उभा राहिला. त्यांना "जीएसटी बिल" हवं असतं. सेवेच्या धंद्याला वर्षाला २० लाखांची उलाढाल होईपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसताना जीएसटी लावताच येत नाही. पण तोपर्यंत बाईंचे पैसे नवऱ्याच्या फर्मच्या खात्यात जमा होत होते. उलाढाल पॅनवर मोजली जाते. त्याची १६ लाख, त्यात हिचे सहा-सात मिसळले की मर्यादा ओलांडली. मग १८ टक्के. १३,५०० मधून करापोटी २,०५९ रुपये निघून जाणार, कारण घरगुती गिऱ्हाईक वरून कर देत नाही. कॅमेरा, मदतनीस, बुकिंग सगळं हिचं स्वतंत्र होतंच, फक्त खातं नव्हतं. वेगळं चालू खातं, लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी, आणि शॉप अ‍ॅक्टखाली सूचना. कामगार मोजकेच असले तर राज्याच्या २०१७ च्या कायद्यात सूचना पुरते. कागदावर वेगळं दाखवून आतून एकच धंदा चालवणाऱ्यांनी मात्र हे उदाहरण घेऊ नये.

अंतराचे पैसे ठरवणं सोपं गेलं. शहर आणि आसपासचे पंधरा किलोमीटर दरात, इचलकरंजी ८००, सांगली आणि निपाणी १,५००. निपाणी कर्नाटकात असली तरी माहेरं तिकडेही आहेत.

स्टुडिओ का नाही, असं मला अनेकांनी विचारलं. कारण सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. पुण्या-मुंबईत हे सैल झालंय; इथे मुलगी पुण्याहून आलेली असली तरी नियम आईचे चालतात. त्यामुळे सगळं सामान घेऊन घरी जायचं, खोली गरम करायची. उघड्या बाळाला साधारण २६ ते २८ अंश लागतात; उन्हाळ्यात फुकट मिळतात, थंडीत हीटर न्यावा लागतो, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात मुख्य डोकेदुखी रॅप वाळवण्याची असते.

एका घरचा प्रसंग मी स्वतः पाहिला, हिशेबाच्या कामासाठी एक दिवस सोबत गेलो होतो तेव्हा. आजीबाई दारातच म्हणाल्या, "उघडं कशाला करतायसा बाळाला? शेक-शेगडी झालीया आत्ताच, गार लागंल." बाईंनी वाद घातला नाही. हीटर लावला, आजींना त्यासमोर खुर्ची दिली आणि खोलीचा थर्मामीटर त्यांच्याच हातात दिला. "सव्वीसच्या खाली आलं तर मला सांगा आजी, मी लगेच गुंडाळते." पुढचे तीन तास आजी त्या काट्यावर नजर ठेवून होत्या. हनुवटीखाली हात घेऊन झोपलेल्या बाळाचा जो फोटो सगळ्यांना हवा असतो, तो घेताना मदतनीस ताईंनी आधी बाळाचं डोकं वरून धरलं, मग मनगटं धरली; दोन्ही वेळा बोटं चौकटीत होती. घरी गेल्यावर दोन फोटो जोडून बोटं काढून टाकतात. बाळ त्या पोझमध्ये आपलं आपण कधीच नसतं. गावात २,९९९ वाले आहेत, ते एकटे जातात, दुसरं माणूस नेत नाहीत. तो फोटो ते कसा काढतात हे मला विचारायचंही नाही. ८०० रुपये मदतनीसचे आणि एडिटिंगचे जास्तीचे दोन तास, ही दराची तळाची फळी आहे. तिच्या खाली उतरायचं म्हणजे बाळाच्या मानेवर बचत करणं.

एका प्रसूतिगृहाकडून निरोप आला होता, गिऱ्हाईक पाठवतो, वीस टक्के द्या. १३,५०० वर २,७००. नाही म्हटलं. ज्या दरात तेवढी जागा असते, तो दर गिऱ्हाइकाकडून जास्त घेतलेला असतो.

मी ज्यावर अडलो ते "बाळाचं वर्ष" पॅकेज. तान्हेपणी, उष्टावणाला आणि पहिल्या वाढदिवसाला अशी तीन शूट, २४,००० रुपये. कल्पना बाईंची, आणि गिऱ्हाइकाला आवडणारी. माझी भीती अशी की पैसे आज येतात, खर्च होतात, आणि काम वर्षभर डोक्यावर राहतं. शिवाय उष्टावणाच्या वेळी मुलगी पुण्याला परतलेली असते. त्यांनी माझं अर्धं ऐकलं. पॅकेज ठेवलं, पण पैसे तीन हप्त्यांत, १२,००० आणि मग दर शूटला ६,०००. आणि पुढची दोन शूट कोल्हापुरातच.

पहिले तीन महिने वाईट गेले. चौकशा येत होत्या, दर गेला की समोरचा मेसेज वाचून गप्प. तिमाहीत फक्त चार बुकिंग. नऊ हजारांवर उतरण्याचा त्यांचा मोह मी समजू शकत होतो. पण त्या उतरल्या असत्या तर वर्षाला सत्तरऐंशी शूट लागली असती, म्हणजे पुन्हा पहिल्या जागी. त्यांनी दर हलवला नाही, बोलणं बदललं. आधी दर विचारला की फक्त आकडा आणि नमुन्याचे फोटो जायचे. आता आधी त्या तारीख विचारतात, दवाखाना कुठला, माहेर कुठलं, बारसं बाराव्याला करणार का, आणि मग सांगतात, "तुमच्यासाठी मी २ ते १२ नोव्हेंबर मोकळी ठेवते, त्या काळात दुसरं मोठं काम घेत नाही." दर त्यानंतर. कमी करा म्हटलं तर, "करूया, एक सेटअप कमी करू, बारा फोटो देते." रक्कम कमी होते तेव्हा कामही कमी होतं. बहुतेक जण मग पूर्णच घेतात.

वर्षअखेरीचा हिशेब : ८४ वरून शूट ४३ वर आली. साधी १२, त्यांचे ९०,०००. मुख्य २७, त्यांचे ३,६४,५००. "बाळाचं वर्ष" पॅकेजची ४, त्यांचे आलेले हप्ते ६०,०००. अल्बम आणि वरचे फोटो, लॅब जाता, ४१,०००. एकूण ५,५५,५००. नात्यातल्यांना सोडलेले १८,००० त्यातून गेले. आत्याच्या नातीला पूर्ण दर लावायचं धाडस माझ्यातही नाही. शूटचा खर्च ५४,०००, कायम खर्च थोडा वाढून १,८६,०००. उरले २,९७,५००, म्हणजे महिन्याला २४,८००.

ठरवलेले ३५,००० आले नाहीत. साठ बुकिंगचा आकडा आम्ही जास्तच धरला होता. या गावात या दराला वर्षाला पन्नास मिळाली तरी पुष्कळ. पण तासाचे ५२ चे ४४० झाले, आणि दिवस आधीच ठरलेले असल्याने, विशेषतः सिझेरियनची तारीख पक्की असलेल्या घरांमुळे, लग्नाचे १४ दिवस करता आले. त्यांचे ५६,००० वेगळे.

जे गिऱ्हाईक गेलं ते कुठे गेलं, हा प्रश्न उरतोच. काही २,९९९ वाल्यांकडे गेले. काहींनी मोबाइलवर काढले असतील. ७,५०० सुद्धा न परवडणाऱ्या घरांसाठी या दरपत्रकात जागा नाही, आणि दर न पाडता ती कशी करायची याचं उत्तर आम्हाला सापडलेलं नाही. महिन्यातून एक शूट विनामोबदला करायचं असं बाईंच्या मनात आहे. मी म्हटलं करा, पण त्याचे १,२०० खर्चात लिहा.

सध्या चर्चा राजारामपुरीतल्या एका गाळ्याची चालू आहे. भाडं महिन्याला १२,०००, वर्षाचे १,४४,०००. ४३ शूटवर वाटलं तर प्रत्येकी ३,३४९. सव्वा महिन्याच्या आतलं एकही बाळ तिथे येणार नाही, म्हणजे तो गाळा उष्टावण आणि वाढदिवसाच्या शूटवरच उभा राहायला हवा. ती शूट वर्षाला किमान पन्नास मिळणार असतील तर घ्या, असं मी लिहून दिलं आहे. गाळामालकाला दिवाळीपर्यंत उत्तर हवं आहे.